उरलेले चार दाणे

माणसं मला विचारतात, इतकी वर्षं म्हाताऱ्या माणसांत काढलीत, मन शांत झालं असेल नाही? काय सांगू! कसलं शांत आणि कसलं काय. घसा बसला तो कायमचा बसला, गुडघे दुखतात, आणि कुणी नुसतं 'गुरुजी, जरा येता का' म्हटलं की अजून हातातलं टाकून उठतो. त्या घरात 'जरा येता का' म्हणजे कुणाला तरी धाप लागलेली असायची.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. चिंचवडहून रावेतकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर, पवनेच्या काठाला, पुण्याच्या एका व्यापाऱ्याने निराधार म्हाताऱ्यांसाठी घर बांधलं होतं. पाटीवर भलंमोठं संस्कृत नाव होतं, ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. पंचक्रोशीत सगळे त्याला 'थकल्यांचं घर' म्हणत. चौदा खाटा, पुढे लांब ओसरी, मागे स्वयंपाकघर. तिथल्या माणसांचं देवधर्माचं बघायला मला नेमलं होतं. सकाळी पूजा, दुपारी पोथी, आजाऱ्याजवळ बसायचं, कुणाचं कार्ड लिहून द्यायचं, आणि वेळ आली की तोंडात तुळशीचं पान, गंगाजळाचे दोन थेंब, कानाशी देवाचं नाव, आणि मग नदीवर. मी चाळिशीचाही नव्हतो. तरी स्वयंपाकीणबाई तोंडावर म्हणायच्या, "या घरात सगळ्यांत थकलेले तुम्हीच दिसता." मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

सायकलवरून यायचो. पिंपरीच्या बाजूला कारखान्यांची बांधकामं चालली होती, मुंबई रस्त्यावर ट्रक वाढले होते, आणि अंगावर धूळ घेऊन मी दुपारी दोनला ओसरीवर पोथी सोडायचो. ऐकणारे दहा-बारा. त्यातले निम्मे दुसऱ्या ओवीला मान टाकत. चांगली भिंत बघून बसत, म्हणजे टेकता येतं. बाकीच्यांचं लक्ष स्वयंपाकघराकडे. कारण नियम असा होता, की पोथीचा अध्याय संपला की चहा. त्यामुळे मंडळींची भक्ती अध्याय लवकर संपावा यावरच जास्त.

खरं ऐकणारी एकच. तळवड्याची म्हातारी. सत्तरीच्या पुढची, काळीसावळी, उंच, पाठीचा कणा ताठ. नवऱ्याच्या माघारी पुतण्यांनी शेत वाहायला घेतलं आणि तिला इथे आणून पोचवलं. तिने त्यांच्या नावाने कधी बोटं मोडली नाहीत. ती ओसरीच्या मधल्या खांबाशी बसायची आणि माझ्या तोंडाकडे एकटक बघायची. मला त्याचा त्रास व्हायचा. वाचणाऱ्याकडे इतकं बघू नये.

नवी पोथी लावायच्या आदल्या दिवशी ती माझ्यापाशी आली. "गुर्जी, ह्या पोथीचं अध्याय किती?"

"चाळीस."

"म्हंजी दोन विसा." तिने कनवटीची डबी काढली. तंबाखू-चुन्याची, पत्र्याची, दोन्हीकडे झाकण असलेली, नवऱ्याची. घासून लख्ख केलेली. "ह्यात मला दोन विसा जोंधळं मोजून द्या. माजा हिसाब चुकतो."

मी दाणे मोजून तंबाखूच्या बाजूला टाकले. एक अध्याय ऐकला की एक दाणा चुन्याच्या बाजूला. शेवटी ही बाजू रिकामी, ती भरलेली. मी म्हटलं, आजी, एवढं कशाला, मी आहे ना सांगायला. ती म्हणाली, "तुमी सांगाल वो. पर द्येनं माजं हाय."

मग तिने सांगितलं. तिला मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी आणली. सहा-सात वर्षं दोघी एका चुलीवर. भांडणं तर रोजची. एका भांडणात ही त्या पोरीला बोलली, तुझी कूस कधी उजवायची नाही. पुढे तिला दिवस गेले, आणि बाळंतपणात ती आणि मूल, दोन्ही गेली. जाताना हिचा हात धरून म्हणाली, आक्का, माझ्यामागं माझं कोण हाय, माझ्या नावानं एक सबंद पोथी ऐक आणि त्याचं पुण्य मला दे. हिने हो म्हटलं.

"चाळीस वरसं झाली, गुर्जी. येक पोथी सबंद झाली न्हाई. कवा खळं, कवा म्हस व्यायली, कवा गावात पटकी आली. मदीच तुटली की समदं वाया. आता हितं मला काय काम न्हाई. आता व्हायाचीच."

पुण्य द्यायची रीत तिला पक्की ठाऊक होती. समाप्तीच्या दिवशी तळहातावर पाणी घ्यायचं, ज्याला द्यायचं त्याचं नाव घ्यायचं आणि पाणी ताम्हनात सोडायचं. आणि अट एकच, पोथी अखंड, जागेपणी ऐकलेली हवी. डोळा लागला तर तो अध्याय धरायचा नाही. ही अट माझ्याच आधीच्या गुरुजींनी तिला कधीतरी सांगितलेली.

आता माझं सांगतो. लपवून काय करायचंय.

बाराव्या अध्यायाच्या आठवड्यात घरातली दोन माणसं गेली. मंगळवारी एक, गुरुवारी एक. वैशाखातलं ऊन. दोन्ही वेळा नदीवर मीच, कारण नातलग कुणी आलं नाही. शुक्रवारी दुपारी पोथी सोडली तेव्हा डोळ्यांपुढे अक्षरं हलत होती. बारावा अध्याय लांबलचक, नुसत्या वंशावळी. अमक्याचा पुत्र तमका. ओसरीवर बघितलं, सगळ्यांच्या माना पडलेल्या. म्हातारी तेवढी बघत होती, पण तिला अक्षरओळख नव्हती. आदल्या दिवशी वाचलेला अकराव्याचा शेवट पुन्हा वाचला, बाराव्याची पानं उचलून खाली ठेवली, आणि तेराव्याची सुरुवात करून तिथेच 'अध्याय संपूर्ण' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तेरावा पहिल्यापासून वाचला. आकाश कोसळलं नाही.

मग काय, वाट सापडली! पुढे आणखी तीनदा तसंच केलं. एकदा बायकोला ताप होता आणि घरी लवकर जायचं होतं म्हणून. एकदा घसा फुटला होता म्हणून. आणि एकदा, खरं सांगतो, उगाच. कंटाळा आला म्हणून. प्रत्येक वेळी मागच्या अध्यायाचं शेपूट आणि पुढच्याचं डोकं जोडून दिलं. म्हातारीला ते दिवस अर्धवट वाटले असणार, राहिलेलं उद्या होईल असं ती धरून चालली असणार. जो दिवस पुरता नाही त्याचा दाणा ती टाकायची नाही, हे मला माहीत नव्हतं. माझ्या 'संपूर्ण'वर तिचा हिशेब चालत नव्हता. ती आपल्या कानांवर चालत होती.

ओळखलं एकट्याने. रेल्वेतून निवृत्त झालेला सांधेवाला होता आमच्यात. जन्मभर चिंचवड स्टेशनात सांधे बदलून गाड्या या रुळावरून त्या रुळावर घातलेला, बिडीबाज, चहाबाज, मिश्कील. चौथ्यांदा अध्याय गाळून मी पोथी बांधत होतो तेव्हा चहाची कपबशी घेऊन शेजारी आला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, आज गाडी थेट आणली राव. मधली ठेसनं घेतलीच न्हाईत." आणि हसला. मीही हसलो. मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं, पण हसलो.

समाप्तीच्या दिवशी ओसरी सारवली होती, केळीचे खांब, शिऱ्याचा प्रसाद. व्यवस्थापकही मुद्दाम आले होते. शेवटची ओवी झाली, आरती झाली. म्हातारी नवं लुगडं नेसून ताम्हन पुढे घेऊन बसली होती. तिने डबी उघडली, चाळिसाव्या अध्यायाचा दाणा या बाजूचा त्या बाजूला टाकला, आणि तंबाखूची बाजू पालथी केली. ताम्हनात चार दाणे पडले.

तिने डबी झटकून बघितली, आत अजून एखादा दाणा चिकटून राहिलाय का म्हणून. मग ते चार दाणे बोटाने एकेक बाजूला केले. परत केले. तिचा चेहरा मी बघितला आणि चटकन समई सारखी करायला वाकलो.

"चार उरलं," ती म्हणाली. "गुर्जी, चार उरलं माजं."

"मोजायला चुकलं असेल," व्यवस्थापक म्हणाले.

"न्हाई सायेब. माजाच डोळा लागला आसंल. चार डाव." तिचा आवाज बारीक झाला होता. "बसल्या बसल्या झोपले आसंन मी. आन मला कळलंबी न्हाई."

सगळे माझ्याकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. आणि मी काय बोललो? "आजी, वयोमानाने डोळा लागायचाच. देव समजून घेतो. तुम्ही पाणी सोडा."

चार अध्याय गाळले त्याचं मला आज एवढं वाटत नाही. माणूस थकतो. पण हे वाक्य! हे मी अजून गिळू शकलो नाही. माझी चोरी मी तिच्या झोपेच्या माथी मारली, आणि वर देवाची साक्ष काढली.

तिने पाणी सोडलं नाही. ताम्हन बाजूला सारलं आणि म्हणाली, "द्येव समजून घेईल. पर तिनं का घ्यावं?"

दुसऱ्या दिवसापासून तिने एक वेळचं जेवण सोडलं. पुन्हा पहिल्यापासून पोथी ऐकायची, आणि या खेपेला झोपायचं नाही, म्हणून आधी झोप मोडायची सवय करायला हवी, असं तिने ठरवलं. भरल्या पोटी डोळा लागतो म्हणून पोट रिकामं. दुपारी दोन ते चार, पोथीच्या वेळेला, ती खांबाला हात धरून उभी राहायची. पोथी बंद होती, एकादशीला पुन्हा लागायची होती, तरी उभी. स्वयंपाकीणबाई ओरडल्या, "आजी, बसा हो, पडाल!" तर म्हणे, "बसले की घात व्हतो."

मी रोज बघत होतो. रोज सायकलवर ठरवायचो, आज सांगू. आणि रोज ओसरीवर व्यवस्थापक दिसायचे आणि वाटायचं, नोकरी गेली तर? भिक्षुकीवर दोन माणसं जगतील का? शिवाय लाज. लाज जास्त, नोकरी नंतर.

सहाव्या दिवशी ती खांबापाशी पडली. हाड मोडलं नाही, पण अंथरुणाला लागली. चिंचवडच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि बाहेर येऊन मान हलवली.

सांधेवाला त्या दिवशी चहा न पिता माझ्याजवळ आला. हसत नव्हता. "गुरुजी, सांधा कुनी चुकवला ते मला ठावं हाय. मी गप बसलो, कारन मलाबी चहा लवकर हवा हुता. म्हंजी अर्धं पाप माजं. पर ती बाई तिकडं स्वतःला खातीया. तुमी सांगताय का मी सांगू?"

"मी सांगतो," मी म्हटलं.

तिच्या खाटेजवळ स्टुलावर बसलो. ती जागी होती. अर्थात जागीच. मी म्हटलं, "आजी, तुमचे दाणे बरोबर आहेत. तुम्ही झोपला नव्हता. मीच चार अध्याय गाळले. बारावा, एकोणिसावा, सव्विसावा, चौतिसावा."

तिला कळायला वेळ लागला. मग ती उठून बसायला लागली, मी आधार द्यायला हात पुढे केला, तो तिने झटकला. "मी झोपले नव्हते?"

"नाही."

"येकदाबी?"

"एकदाही नाही."

"आन तुमी मला म्हनला, डोळा लागला. आवो, मी रातध्याड सोताला शिव्या घातल्या. म्हनलं, ती जित्ती व्हती तवा वंगाळ बोललीस, आन ती मेल्यावरबी धड पाळलं न्हाईस. तुमाला दिसत नव्हतं व्हय?"

"दिसत होतं."

"मग?"

थकलो होतो, एवढंच कसंबसं म्हणालो. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी व्यवस्थापकांनाही जाऊन सांगितलं. ते म्हणाले, दुसरा माणूस मिळेपर्यंत राहा. दुसरा माणूस काही मिळाला नाही. अशा कामाला कोण येतो?

तिसऱ्या दिवशी तिने सांधेवाल्याकरवी निरोप धाडला. मी गेलो. ती म्हणाली, "वाचा. चारी."

"पहिल्यापासून नको? खंड पडला—"

"खंड तुमी पाडला. मी न्हाई. माजं कान तितंच उबं हायेत."

दोन दुपारी लागल्या. वंशावळींसकट वाचलं, ओवी न ओवी. प्रत्येक अध्यायाला तिने उशाशी ठेवलेल्या चारांतला एक दाणा डबीत टाकला. चौथा पडला तेव्हा स्वयंपाकीणबाईंनी ताम्हन आणलं. म्हातारीच्या तळहातावर मी पळीने पाणी घातलं. चाळीस वर्षांत तिने सवतीचं नाव घेतलं नव्हतं, 'ती' म्हणायची. त्या दिवशी नाव घेतलं. ते मी इथे लिहीत नाही, ते माझं नाही. पाणी ताम्हनात पडलं आणि ती इतकी रडली, इतकी रडली, की स्वयंपाकीणबाई तिच्या पाठीवर हात फिरवत स्वतःच रडायला लागल्या.

मी पोथी बांधायला लागलो तर म्हणाली, "बांदू नगंस."

मला ती कायम अहोजाहो करायची. पहिल्यांदाच अरेतुरे केलं.

"ल्येकरा, तू कवा ऐकलीस का रं पोथी? कवापास्नं नुस्ता वाचतुयास. दुसऱ्याच्या तोंडात पानी घालतुस, दुसऱ्याला खांदा द्येतुस. तुज्यासाठी कोन ऐकतं?" तिने डबी पालथी केली, सगळे दाणे पुन्हा तंबाखूच्या बाजूला भरले. "आता पयल्यापास्नं लाव. ह्या टायमाचं पुन्य तुला. लई दमलायस तू."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एकादशीला पोथी लागली. तिची खाट आम्ही ओसरीवर आणली. ती पडून ऐकायची, पण डोळे माझ्यावर. आता मला त्या बघण्याचा त्रास होत नव्हता. अकरा दिवस, अकरा दाणे. शेवटचे दोन-तीन दाणे तिच्याने उचलवेनात. सांधेवाला तिचं बोट धरून टाकायचा.

बाराव्या दिवशी सकाळी पूजेच्या वेळेला ती गेली. तुळशीचं पान मी ठेवलं, गंगाजळ मी घातलं, नदीवर मी गेलो. पुतणे आले होते, पण अग्नी द्यायचं झालं तेव्हा दोघं एकमेकांकडे बघत राहिले, तेव्हा मडकं मीच उचललं. ते चुकीचं होतं की बरोबर, हे मी कुणाला विचारलं नाही.

तीन दिवस पोथी बंद ठेवली. चौथ्या दिवशी दुपारी दोनला ओसरीवर गेलो ते ही पोथी आता उचलून ठेवावी, असं मनाशी ठरवूनच. ऐकणारीच गेली. ज्याच्या नावाने ऐकायची तोच वाचत बसला, तर त्याला काय अर्थ? नियमाने बघितलं तर हीसुद्धा मधेच तुटली होती.

मधल्या खांबाशी सांधेवाला मांडी घालून बसला होता. तो कधी पुढे बसायचा नाही, दाराजवळ बसायचा, चहाला सोपं म्हणून. त्याच्या मांडीवर ती पत्र्याची डबी उघडी होती.

"आज कितवा?" त्याने विचारलं.

"बारावा होता," मी म्हणालो.

"होता न्हाई, हाय. म्हातारीनं गाडी माज्या ताब्यात दिलीया. अर्धं पाप माजं हाये, इसरला का?" त्याने एक दाणा चिमटीत धरला. "वाचा. समदी ठेसनं घ्या."

बारावा म्हणजे वंशावळींचा. अमक्याचा पुत्र तमका, तमक्याचा पुत्र अमका, पानंच्या पानं. मी एकही ओवी सोडली नाही. चहा उशिरा झाला. भिंतीला टेकून चार-पाच जण घोरत होते. सांधेवाला जागा होता, आणि मीही.